‘आपल्यात बसेल का?’ या प्रश्नाआधी एक कागद लिहा

गोव्यातल्या फोंडा तालुक्यात कुंडई, बेतोडा आणि मडकईच्या औद्योगिक वसाहतींमधल्या लहान कारखान्यांना माणसं निवडायला मदत करणं हा माझा व्यवसाय. कुणी औषधांच्या बाटल्यांची झाकणं बनवतं, कुणी खोकी, कुणी काजू पॅक करतं. अशा ठिकाणी वेगळं एचआर खातं नसतं. मालक, प्रॉडक्शन मॅनेजर आणि अकाउंट्स सांभाळणाऱ्या बाई असे तिघं टेबलामागे बसतात. उमेदवार येतो, पंधरा-वीस मिनिटं बोलणं होतं, तो बाहेर पडतो. मग तिघांपैकी एक म्हणतो, ‘मुलगा बरा आहे, पण आपल्यात बसेलसं वाटत नाही.’ दुसरे दोघे मान डोलवतात आणि अर्ज बाजूला पडतो. का बसणार नाही, हे कुणी विचारत नाही.

मी हे लिहिते आहे ते त्या तिघांसाठी. त्यांच्या मनात खोट असते असं मला अजिबात वाटत नाही. त्यांना कामाची, टिकणारी माणसं हवी असतात. पण ‘बसेल’ या एका शब्दात चार वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. काही कामाच्या, काही निव्वळ सवयीच्या. त्या वेगळ्या केल्या नाहीत तर निवड उमेदवाराच्या हातांवर आणि डोक्यावर होत नाही, त्याच्या आडनावावर होते.

गोव्यात आडनाव फार बोलतं. गावकर, वेळीप, फर्नांडिस, कामत, शेख, नाईक. अर्जाच्या पहिल्याच ओळीत धर्म कळतो, बहुतेक वेळा जात कळते, पुष्कळदा तालुकाही कळतो. पुढची ओळ पत्त्याची. वाडा, म्हणजे गावातली वस्ती, लिहिली असेल तर उरलेलंही कळतं. शिक्षण आणि अनुभव यांच्यापर्यंत नजर पोचायच्या आत माणसाचं एक चित्र तयार झालेलं असतं. त्यानंतर पहिला प्रश्न येतो तोही ठरलेला: ‘खंयचो तूं? कोणालो?’ म्हणजे कुठला तू, कुणाचा? हा प्रश्न आपण आपुलकीनेच विचारतो. लग्नात, बसमध्ये, दवाखान्यात विचारतो. पण मुलाखतीच्या टेबलावर त्याचं उत्तर गुणांमध्ये जाऊन बसतं. उमेदवार तुमच्या मावशीच्या गावचा निघाला की पुढची दहा मिनिटं त्याच्यासाठी सोपी होतात. त्याच्या मागून आलेला सांग्याच्या आतल्या गावचा मुलगा, ज्याच्या गावात तुमचं कुणीच नाही, तो कोरड्या टेबलापुढे बसतो.

ही नुसती माझी निरीक्षणं नाहीत. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल या संशोधकांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवून हे तपासलं होतं. पात्रता सारखीच, नावं मात्र वेगळी: काही उच्चवर्णीय हिंदू, काही दलित, काही मुस्लिम. २००७ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढच्या टप्प्यासाठी बोलावणं येण्याचं पारडं उच्चवर्णीय नावाला एक धरलं, तर दलित नावाला ते ०.६७ होतं आणि मुस्लिम नावाला ०.३३. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन या समाजशास्त्रज्ञांनी दिल्ली परिसरातल्या कंपन्यांच्या एचआर व्यवस्थापकांशी बोलून लिहिलं. ते व्यवस्थापक गुणवत्तेवर मनापासून विश्वास ठेवणारे होते, आणि तेच मुलाखतीत ‘घरी कोण कोण असतं, वडील काय करतात’ हे हमखास विचारत होते. घरच्या वातावरणावरून माणूस कळतो, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं. आपल्या फोंड्यातल्या टेबलावरही हेच वाटतं.

तर आता करायचं काय.

अर्ज उघडण्याआधी कागद

जागा रिकामी झाली की आधी जाहिरात देऊ नका. आधी अर्धा तास बसा आणि एका कागदावर लिहा: या माणसाने पहिल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष काय करायचं आहे? ‘जबाबदार’, ‘मेहनती’, ‘टीममध्ये मिसळणारा’ असले शब्द नकोत. कामं लिहा.

स्टोअर्स असिस्टंटचं उदाहरण घेते, कारण या वसाहतींमध्ये ही जागा सतत रिकामी होते. तो काय करतो? गाडी आली की चलान आणि पर्चेस ऑर्डर ताडून बघतो. खोकी मोजतो. बॅच नंबर आणि एक्सपायरी रजिस्टरमध्ये आणि संगणकावर चढवतो. आधी आलेला माल आधी बाहेर जाईल असा लावतो. माल कमी भरला तर ड्रायव्हरच्या समोर, गाडी सुटण्याआधी बोलतो. महिनाअखेरीला साठा मोजतो. प्रॉडक्शनवाला घाईत स्लिपशिवाय माल मागायला आला तर त्याला नाही म्हणतो, आणि तरीही संबंध बिघडू देत नाही.

आता या यादीवरून ठरवा की त्याच्याकडे काय हवं. आकडे अचूक उतरवता येणं. नियम धरून ठेवण्याचा ठामपणा. संगणकावर एंट्री. हिंदी आणि कोकणी किंवा मराठी बोलता येणं, कारण ड्रायव्हर बेळगावचा, कोल्हापूरचा, कधी तमिळनाडूचा असतो. संपलं. या यादीत फर्ड्या इंग्रजीला जागा नाही. ‘चांगल्या घरचा’ला नाही. ‘आमच्यासोबत डबा खाईल असा’लाही नाही.

‘आपल्यात बसणं’ मी पूर्णपणे मोडीत काढा म्हणत नाही. प्रत्येक कारखान्याची काम करायची एक रीत असते आणि ती रीत मानणारा माणूस हवा, ही रास्त अपेक्षा आहे. फक्त ती रीत वागणुकीच्या भाषेत लिहा. ‘आमच्याकडे चूक झाली की लपवत नाहीत, त्याच पाळीत सांगतात.’ ‘आमच्याकडे मशीन बंद पडलं की जो जवळ असेल तो हात लावतो, माझं खातं-तुझं खातं करत नाही.’ असं लिहिलं की प्रश्न विचारता येतो, उत्तर तपासता येतं. आणि काणकोणचा वेळीप, मडगावचा शेख, हुबळीहून आलेला मुलगा या सगळ्यांना तिथे बसता येतं. जी अपेक्षा वागणुकीच्या भाषेत लिहिताच येत नाही, ती बहुधा कामाची नसते. ती कागदावरून खोडून टाका.

जाहिरात

जाहिरातीत ‘स्मार्ट’ आणि ‘प्रेझेंटेबल’ हे दोन शब्द गोव्यात अजून सर्रास येतात, हॉटेलांच्या जाहिरातीत तर जास्तच. वाचणारी मुलगी त्याचा अर्थ रंग, उंची आणि कपडे असाच घेते, आणि सावळी, साधी, पण कामाला चोख मुलगी अर्जच करत नाही. फ्रंट ऑफिसला काय हवं ते लिहा: पाहुण्यांशी शांतपणे बोलणं, तक्रार नोंदवणं, बिलिंग. ‘फक्त मुली’ किंवा ‘फक्त मुलगे’ लिहू नका. तसं काम बहुधा नसतं, आणि २०१९ च्या वेतन संहितेनुसार सारख्या कामासाठी भरती करताना स्त्री-पुरुष भेद करता येत नाही. ‘गोंयकारांना प्राधान्य’ हे वाक्य का घालता, ते स्वतःला विचारा. भाषा हवी म्हणून असेल तर भाषा लिहा. पावसाळ्यातसुद्धा सकाळी सातला हजर राहणारा हवा असेल तर पाळीची वेळ लिहा, आणि कंपनीची बस कुठून कुठे जाते तेही लिहा. वाळपईच्या पलीकडच्या गावातून खासगी बसने कुंडईला सात वाजता पोचणं कठीण. हे आधी कळलं तर तो मुलगा स्वतःच ठरवेल की फोंड्यात खोली घ्यायची की नाही. त्याच्या वतीने तुम्ही ठरवू नका.

अर्ज चाळताना

एकाने अर्जांच्या छायाप्रती काढून नाव, फोटो, पत्ता, धर्म, वडिलांचं नाव यांवर कागद चिकटवावा आणि क्रमांक घालावा. दुसऱ्याने चाळावे. दहा-पंधरा अर्जांना याला फार वेळ लागत नाही. लहान जागेत हे अगदी काटेकोर जमत नाही, शाळेच्या नावावरूनही गाव कळतं, हे मला ठाऊक आहे. तरी पहिली नजर अनुभवावर पडते, तेवढं पुरे.

शाळेच्या बाबतीत एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. गोव्यात सरकारी प्राथमिक शाळा बहुतेक मराठी किंवा कोकणी माध्यमाच्या, आणि पाचवीपासून सगळं इंग्रजीत. पेडणे, सत्तरी, डिचोली, काणकोण भागातली पुष्कळ मुलं या वाटेने आलेली असतात. त्यांचं लिहिण्यातलं इंग्रजी कामापुरतं बरं असतं, बोलताना मात्र अडखळतात. पणजी-मडगावच्या इंग्रजी शाळेत केजीपासून शिकलेला मुलगा अडखळत नाही. मुलाखत इंग्रजीत घेतली की तुम्ही यांतल्या कुणाची हुशारी मोजत नाही, त्यांची प्राथमिक शाळा मोजता. कामाला इंग्रजी बोलणं लागत नसेल तर मुलाखत मराठीत किंवा कोकणीत घ्या. लागत असेल तर पाच मिनिटं इंग्रजीची वेगळी चाचणी घ्या, तिचे गुण वेगळे ठेवा, आणि उरलेलं संभाषण त्याला सोयीच्या भाषेत करा. दबलेल्या आवाजात ‘येस सर, नो सर’ करणारा मुलगा भाषा बदलली की कसा बोलायला लागतो, ते बघण्यासारखं असतं.

टेबलावर

सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. सगळ्यात जास्त विरोध मला याच गोष्टीला होतो. ‘मॅडम, मग संभाषण यांत्रिक होतं. माणूस मोकळा होत नाही.’ माणसाला मोकळं करायचं तर चहा द्या, कारखाना फिरवून दाखवा, कामाची माहिती आधी तुम्ही सांगा. गाव आणि घराणं विचारून एकच माणूस मोकळा होतो, ज्याचं गाव तुमच्या ओळखीचं आहे.

प्रश्न घडलेल्या गोष्टींवर विचारा. ‘तुम्ही प्रामाणिक आहात का?’ याला कोण नाही म्हणेल? त्याऐवजी: ‘माल मोजताना आकडा जुळला नाही, असं कधी झालं होतं? तेव्हा काय केलंत?’ ‘वरिष्ठांनी नियम मोडायला सांगितलं, अशी वेळ आली होती का?’ नवख्या मुलाकडे नोकरीचा अनुभव नसतो. त्याला शाळेतलं, देवळाच्या उत्सवातलं, फुटबॉलच्या संघातलं, घरच्या दुकानातलं उदाहरण देऊ द्या. चवथीच्या, म्हणजे गणेशोत्सवाच्या, वर्गणीचा हिशेब दोन वर्षं ठेवलेल्या मुलाला स्टोअर्सचं अर्धं काम आधीच येतं.

बायकांना विचारले जाणारे प्रश्न बंद करायलाच हवेत. लग्न झालंय? मुलं किती? लहान आहेत? सांभाळायला सासू आहे? नवरा पाठवेल का? हे सगळं विचारून जे शोधायचं असतं ते एकच: पाळीला येईल का. मग तेच विचारा, आणि पुरुषांनाही विचारा. ‘पहिली पाळी सातची. महिन्यातून एक रविवार साठा मोजायला यावं लागतं. जमेल का? कशात अडचण आहे?’ उत्तर होय असेल तर होय. त्यावर ‘पण मूल आजारी पडलं तर?’ असा उपप्रश्न नको, कारण समोर बसलेल्या पुरुषाला तो विचारलेला नाही. बाळंतपणाच्या रजेची भीती मालकांच्या मनात असते, हे मला माहीत आहे. २०१७ च्या दुरुस्तीने ती रजा २६ आठवड्यांची झाली आणि लहान युनिटला तो खर्च जड वाटतो. तरीही त्या भीतीपोटी तरुण मुलगी नाकारणं बेकायदाही आहे आणि तोट्याचंही. तिच्या जागी घेतलेला तरुण सहा महिन्यांत दुसऱ्या कारखान्यात जातो, त्याचा खर्च मात्र कुणी मोजत नाही.

आहाराची चौकशी नको. ‘तू मांस खातोस का, काय खातोस’ हे डब्याच्या निमित्ताने विचारलं जातं आणि त्यातून जात-धर्म पुन्हा टेबलावर येतात. कँटीनमध्ये कोण काय खातं याचा झाकणांच्या मोल्डिंगशी काही संबंध नाही.

कामाची चाचणी

मला एकच गोष्ट निवडायला सांगितली तर मी ही निवडेन. बोलण्यातून माणूस जेवढा कळतो त्याहून जास्त त्याला काम करताना बघून कळतो.

स्टोअर्सच्या जागेसाठी मी एक चाचणी मांडते. टेबलावर एक चलान, एक पर्चेस ऑर्डर, एक कोरं इनवर्ड रजिस्टर. जमिनीवर बारा खोकी. चलानवर लिहिलेलं असतं बारा खोकी, प्रत्येकी पाचशे नग. खोक्यांवरच्या लेबलांवर मात्र दोन ठिकाणी बॅच नंबर वेगळा, आणि एका खोक्याची चिकटपट्टी उघडून पुन्हा लावलेली. ऑर्डरमधला दर आणि चलानवरचा दर जुळत नाही. उमेदवाराला सांगायचं: ‘माल आलाय. गाडी बाहेर उभी आहे, ड्रायव्हर घाई करतोय. वीस मिनिटांत आवक नोंदवा आणि काही विचारायचं असेल तर आम्हाला विचारा.’ आणि गप्प बसायचं.

काय बघायचं? खोकी मोजायला तो उठतो की कागदावरूनच बारा लिहितो. लेबलं फिरवून वाचतो की समोरची बाजू बघून पुढे जातो. उघडलेल्या खोक्याला हात लावून बघतो का. चूक सापडली तर विचारतो, की गप्प राहून रजिस्टर भरतो. अक्षर वाचता येतं का. हे पाच मुद्दे आधीच कागदावर लिहिलेले असतात, प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण. टेबलावर सगळ्यात छान बोललेला उमेदवार इथे कित्येकदा खोकी न मोजता बारा लिहून मोकळा होतो. आणि खाली बघून उत्तरं देणारी मुलगी प्रत्येक खोकं फिरवून बघते, उघडलेलं खोकं बाजूला काढते आणि विचारते, ‘हे वजन करून बघू का?’

एका देखभाल फिटरच्या निवडीत मी बसले होते. उमेदवारांमध्ये खाणीवर काम केलेला एक माणूस होता, डिचोलीकडचा, चाळिशी ओलांडलेला. गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी २०१२ मध्ये थांबल्या, काही काळ सुरू होऊन २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. डिचोली, सत्तरी, सांगे इथली कितीतरी कुशल माणसं तेव्हा कारखान्यांकडे वळली. त्यांच्याबद्दल आपल्याकडे एक समज घट्ट बसला आहे: खाणवाल्यांना सोप्या पैशाची सवय, त्यांना फॅक्टरीची शिस्त सोसत नाही. त्या माणसाचा अर्ज याच समजापायी बाजूला निघाला होता. मी आग्रह धरला म्हणून चाचणीला बोलावलं. गळती असलेला एक हायड्रॉलिक सिलिंडर समोर ठेवला होता. बाकीच्यांनी लगेच पाना हातात घेतला. याने आधी विचारलं, ‘दाब काढलाय काय?’ मग रॉडवर बोट फिरवलं, ओरखडा दाखवला, म्हणाला, सील बदलून चार दिवस चालेल, रॉडला पॉलिश केल्याशिवाय गळती थांबणार नाही. टिप्परांची हायड्रॉलिक्स त्याने वर्षानुवर्षं सांभाळली होती. मॅनेजर नंतरही म्हणत राहिले की तो जास्त बोलत नाही. पण आता समोर गुणांचा कागद होता, आणि ‘जास्त बोलणं’ त्या कागदावर नव्हतं. त्याला घेतलं.

गुण आधी, गप्पा नंतर

उमेदवार बाहेर गेला की लगेच चर्चा सुरू करू नका. तिघांनी आपापल्या कागदावर, न बोलता, मुद्द्यागणिक गुण घालावेत. मालक पहिल्यांदा बोलले की बाकीचे दोघे त्यांचंच बोलतात, ही आपल्याकडची रीत आहे. म्हणून कागद आधी गोळा करायचे आणि सगळ्यात कनिष्ठ माणसाने पहिल्यांदा बोलायचं.

एक मुद्दा पूर्ण झाल्यावरच पुढच्या मुद्द्याचे गुण. हे महत्त्वाचं आहे. एका गोष्टीत माणूस आवडला की सगळ्याच गोष्टींत तो बरा वाटू लागतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनमन, ज्यांना २००२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते पन्नासच्या दशकात इस्रायली सैन्यात कोवळ्या वयाचे अधिकारी होते. सैनिकांच्या निवडीसाठी त्यांनी सहा स्वभावगुण ठरवले, प्रत्येकाबद्दल ठोस, घडलेल्या गोष्टींचे प्रश्न काढले आणि प्रत्येकाचे गुण वेगवेगळे, एकामागून एक द्यायला लावले. मुलाखत घेणारे चिडले. आम्हाला यंत्र करता काय, म्हणाले. तेव्हा त्यांनी एक तोड काढली: सहा गुण देऊन झाले की डोळे मिटा आणि तुमच्या मनाला काय वाटतं त्याचाही एक आकडा द्या. निघालं असं की सहा गुणांची बेरीज जुन्या पद्धतीपेक्षा बरीच चांगली ठरली, आणि शेवटी दिलेला मनाचा आकडाही तेवढाच उपयोगी ठरला.

म्हणून मी मालकांना सांगते, तुमच्या अंदाजावर माझा राग नाही. त्याला शेवटचा रकाना आहे. फक्त तो पहिला येऊ देऊ नका. आणि शेवटच्या रकान्यातला आकडा बाकीच्यांपासून फार दूर गेला तर त्याच्यापुढे एक वाक्य लिहा: कशामुळे? ‘काहीतरी खटकलं’ चालणार नाही. काय खटकलं? नजरेला नजर देत नव्हता? पुष्कळ मुलांना घरी शिकवलेलं असतं की मोठ्यांकडे रोखून बघू नये. शर्ट इस्त्रीचा नव्हता? तो सकाळच्या कदंब बसमध्ये दीड तास उभा राहून आला होता.

‘टिकेल का?’

या प्रश्नाखाली गोव्यात सगळ्यात जास्त पूर्वग्रह लपतात. आडनाव ख्रिस्ती असलं की ‘पोर्तुगीज पासपोर्ट काढून लंडनला जाईल, नाहीतर बोटीवर जाईल’. सत्तरीचा हिंदू मुलगा आला की ‘हा सरकारी नोकरीची वाट बघतोय, ऑर्डर आली की पळेल’. उत्तर कर्नाटकातला आला की ‘होळीला, जत्रेला गावी जाईल तो येणारच नाही’. झारखंडचा आला की ‘भायलो’, म्हणजे बाहेरचा. एकेकाबद्दलचं कारण वेगळं, पण सगळ्यांना लावलं तर टिकणारा कुणी उरतच नाही. मग शेवटी घेतला जातो तो आपल्या जातीचा, आपल्या वाड्यावरचा. तोही जातो. तो गेला की म्हणतात, त्याला चांगली संधी मिळाली.

याला उपाय तुमच्याच कपाटात आहे. गेल्या काही वर्षांत सोडून गेलेल्यांची फाईल काढा. प्रत्येकासमोर लिहा: किती महिने होता, कोणत्या सुपरवायझरखाली, कोणत्या पाळीत, कुठून येत होता, का गेला. कारण माहीत नसेल तर फोन करून विचारा, गेलेली माणसं खरं सांगतात. मी पाहिलेल्या फायलींत लंडन आणि बोट क्वचित दिसतात. दिसतं ते असं: ओव्हरटाइम उशिरा मिळाला, कायम करतो म्हणाले आणि केलं नाही, दुसऱ्या पाळीनंतर घरी जायला बस नाही, एक सुपरवायझर सगळ्यांसमोर शिव्या देतो. यांतलं काहीही उमेदवाराच्या आडनावाने सुटणारं नाही.

ओळखीतून येणारी माणसं

‘आमच्याच माणसाने आणलाय, भरवशाचा आहे.’ ओळखीतून भरती वाईट नाही, लहान कारखान्याला ती स्वस्त पडते आणि आणणारा जबाबदारी घेतो. पण ओळख ओळखीलाच आणते. पॅकिंग लाईनवरचा सुपरवायझर एका गावचा असला की हळूहळू निम्मी लाईन त्या गावची होते. मग एप्रिल-मेमध्ये शिरगावच्या लईराई देवीची जत्रा येते. धोंडांचं (देवीच्या भक्तांचं) व्रत, होमकुंड. लाईनवरचे धोंड रजेवर, घरचे रजेवर, पाहुण्यांसाठी शेजारीही रजेवर, आणि लाईन बंद. जत्रेला जाणं त्यांचा हक्कच आहे. चूक लाईन एकाच गावाची होऊ देण्यात आहे. नाताळ, ईद, चवथ, शिगमो पाळणारी माणसं मिसळलेली असली की एकमेकांच्या सणाला एकमेक उभे राहतात. गोव्याची गावं अशीच चालत आली आहेत.

ओळखीचा अर्ज आला तर घ्या, पण तोही क्रमांकात टाका, तोही खोकी मोजेल. आणि शिफारस करणाऱ्याने त्या दिवशी टेबलावर बसू नये.

कायद्याचं थोडक्यात. खासगी कारखान्याला राज्यघटनेतलं सरकारी नोकरीचं कलम लागू होत नाही, म्हणून ‘आम्हाला कुणी विचारू शकत नाही’ असा समज आहे. वेतन संहितेचं वर सांगितलंच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार प्रत्येक आस्थापनेने समान संधीचं धोरण जाहीर करायचं असतं. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही. २०१९ चा कायदा तृतीयपंथी व्यक्तींना नोकरीत भेदभावापासून संरक्षण देतो. वैद्यकीय तपासणीचा छापील फॉर्म एकदा काढून वाचा, त्यात काय काय विचारलं आहे ते बघा.

नाकारलेल्यांना फोन करा. हे काम अकाउंट्सच्या बाईंवर ढकलू नका, ज्यांनी निर्णय घेतला त्यांनी करा. ‘बाळा, यावेळी जमलं नाही’ एवढं म्हणून फोन ठेवू नका. गुणांचा कागद समोर घ्या आणि एक नेमकी गोष्ट सांगा: ‘मोजणी बरोबर होती, संगणकावरची एंट्री फार हळू झाली. ती सुधारलीस तर पुढच्या जागेला नक्की अर्ज कर.’ असं वाक्य सांगता आलं तर तुमचा निर्णय कामावर झाला होता. सांगण्यासारखं काही सापडलं नाही, तर फोन ठेवा, तिघे पुन्हा बसा आणि तो अर्ज परत उघडा. जागा अजून भरलेली नाही.